घरासाठी घेतलेली सायकल

आमच्या घरात वस्तू माणसाची नसते, घराची असते. छत्री घराची, मोटरसायकल घराची, थंडीतला जाड स्वेटरसुद्धा घराचा. पहाटे बागेत पाणी द्यायला जो जाईल त्याच्या अंगावर तो चढायचा, मग तो स्वेटर त्याला गुडघ्यापर्यंत येवो नाहीतर बेंबीपर्यंत. आजोबांची कवळी तेवढी त्यांची एकट्याची होती, आणि तीही कुणी मागितली नाही म्हणून. सावद्याच्या बाजूला केळीवाल्यांची मोठी एकत्र घरं आहेत, त्यांत हे असंच चालतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, आणि एका सायकलीपुरतं सोडलं तर अजूनही वाटत नाही.

मी फैजपूरला कॉलेजात जायला लागले तेव्हा घरातली जुनी लेडीज सायकल माझ्या वाट्याला आली. वाट्याला म्हणजे कॉलेजच्या वेळेपुरती. सकाळी लवकर निघायचं, कॉलेजचा फाटा सोडून सरळ उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे जायचं, घाम निघेपर्यंत चढाचे रस्ते मारायचे आणि मग वर्गात जाऊन बसायचं, हा माझा धंदा कुणाला ठाऊक नव्हता. तो कळला आमच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना. एका चढावर मी त्यांच्या मोटरसायकलच्या आरशात बराच वेळ दिसत राहिले, असं ते नंतर सांगत. त्यांनी मला बोलावून विचारलं की क्रॉसकंट्री म्हणजे काय माहीत आहे का. मला वाटलं, पळायचं असतं. ते म्हणाले, सायकलवरही असतं. डोंगरातल्या कच्च्या वाटेवर फेऱ्या मारायच्या, चढायचं, उतरायचं, दगडधोंड्यांतून काढायची. थंडीत विद्यापीठाच्या संघाची निवड होती, धुळ्याजवळच्या सोनगीरच्या किल्ल्यामागच्या टेकडीवर. निवड झाली तर दुसऱ्या राज्यात स्पर्धेला जायचं होतं. मी तोवर भुसावळच्या पलीकडे गेले नव्हते.

त्या संघात जायचं, एवढं एकच मला त्या वर्षी हवं होतं. इतकं दुसरं काही मी आयुष्यात मागितलेलं नाही.

सायकल कशी हवी ते सरांनी नीट समजावलं होतं. पुढच्या चाकाला शॉकअप, मागे काही नाही, सरळ दांडा. तिला हार्डटेल म्हणतात. दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकली दुकानात रुबाबदार दिसतात, पण कमी पैशातल्या त्या नुसत्या जड असतात आणि चढावर जीव काढतात, म्हणून त्यांच्याकडे बघायचंच नाही. पैसे कमी असतील तर आधी फ्रेम बघ, मग ब्रेक. गिअर, टायर, सीट सगळं पुढेमागे बदलता येतं. फ्रेम बदलता येत नाही, ती आपल्या मापाची पाहिजे. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं आणि दांडा अंगाला लागता कामा नये. हे सगळं मी शेताच्या बांधावरून घरी येताना तोंडपाठ म्हणत असे.

घरी प्रश्न नानांचा होता. नाना म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. घर त्यांच्या शब्दावर चालायचं. उंचेपुरे, खांद्यावर टॉवेल, आणि केळीचा घड लांबून बघून त्याचं वजन सांगणारे. त्यांच्यापुढे मागणी ठेवायची म्हणजे वडलांनासुद्धा घसा खाकरावा लागे. मी ठेवली. मग त्यांनी विचारलं की शर्यतीत पोरी किती असतात, आणि त्यांत आपल्याकडची कोण. आपल्याकडची कुणी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, बाग कापली की बघू. आमच्याकडे ‘बाग कापली की बघू’ हा होकार असतो. घराचं सगळं मोठं काम केळीच्या कापणीनंतरच होतं, लग्नसुद्धा. भावकीत कुणीतरी बोललंच, की पोरीला शर्यतीची सायकल कशाला. नानांनी त्याला काय उत्तर दिलं मला माहीत नाही, पण तो माणूस नंतर बरेच दिवस आमच्या ओट्यावर आला नाही.

हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की नाना आडमुठे होते. ते नव्हते. आमच्या सगळ्या भावकीत त्यांच्याएवढं माझ्या बाजूने कुणी उभं राहिलं नसतं.

सायकल घ्यायला आम्ही जळगावला गेलो, तेही घराचं माणूस म्हणून जेवढे टेम्पोत मावले तेवढे. नाना, वडील, चुलतभाऊ, दोन काकू, आणि माझी आई, जिला सायकलमधलं काही कळत नव्हतं पण जळगावला जायचं म्हणून तिने नवी साडी नेसली होती. दुकानात एवढी माणसं एका सायकलीसाठी आलेली बघून दुकानदाराने खुर्च्या मागवल्या.

आमच्या पैशात बसणाऱ्या हार्डटेल दोन निघाल्या. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या, डिस्क ब्रेक तेच, शॉकअप तेच. एक निळी होती, लहान फ्रेमची. दुसरी लाल, मोठ्या फ्रेमची. मी निळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहिले. दांडा लागला नाही. हँडल हातात आलं ते कोपर थोडं वाकवून, जसं सरांनी सांगितलं होतं तसं. मी मनात म्हटलं, झालं, हीच.

तेवढ्यात नाना उठले. त्यांनी एका हाताने निळी उचलली, दुसऱ्या हाताने लाल, आणि दोन्ही तोलून पाहिल्या, बागेत दोन घड पाहावेत तशा. मग दुकानदाराला किंमत पुन्हा विचारली. दोन्हीची तीच आहे म्हटल्यावर त्यांना हसूच आलं.

“एकाच भावात मोठी भेटून राह्यली, तं लहान काऊन घ्याची?”

आमच्या जगात हा हिशेब बिनतोड होता. एका भावात दोन घड समोर असतील तर लहान घड उचलणारा केळीवाला अजून जन्माला यायचा आहे. शिवाय सायकल घराची होती. ती नानांनाही चालवता आली पाहिजे, चुलतभावालाही, आणि तो तर नानांच्याही डोक्यावरून बघायचा. लहान घेतली तर उंच माणसाचे गुडघे हँडलला लागतील. मोठी घेतली तर बुटक्या माणसाला सीट खाली करता येते. वडलांनी हे मला इतक्या शांतपणे आणि प्रेमाने समजावलं की मलाही ते पटल्यासारखं झालं. एक काकू म्हणाली, अजून वाढेल की ती. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि दहावीपासून माझी एकही सलवार आखूड झाली नव्हती.

ही उंच वाटते, असं मी म्हटलं. एकदा नाही, दोनदा म्हटलं. दुकानदाराने लगेच पाना आणून सीट पार खाली घातली, मला वर बसवलं, आणि माझे चवडे जमिनीला टेकले.

“टेकले ना पाय? झालं मंग,” नाना म्हणाले.

सगळे खूश झाले. सीट खाली गेली होती, पण दांडा होता तिथेच होता आणि हँडल होतं तिथेच होतं, लांब. हे त्या दुकानात फक्त मला कळत होतं, आणि ते सांगायला माझ्याकडे जे शब्द होते ते सरांचे होते, माझे नव्हते. निघताना मी वळून पाहिलं. निळी भिंतीला टेकून उभी होती.

घरी आल्यावर सायकलची पूजा झाली. हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली नारळ. नवी गाडी आली की पहिली फेरी घरातल्या मोठ्याची, म्हणून नाना धोतर खोचून बसले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. येताना त्यांनी घंटी शोधली, ती नव्हती, म्हणून तोंडानेच ओरडत आले. मी एवढी हसले की पोट दुखलं. मग वडील, मग चुलतभाऊ, मग मी. आठवडा उलटायच्या आत तिला स्टँड लागलं, कॅरिअर लागलं, मडगार्ड लागलं. सरांनी ते बघून डोक्याला हात लावला. माप बरोबर आहे ना, असं त्यांनी विचारलं तेव्हा घरचे एवढे खूश होते म्हणून मी हो म्हटलं. सरावाच्या आधी मी ते सगळं काढायची आणि नंतर परत लावायची. कधीकधी सकाळी उठून बघावं तर सायकल जागेवर नसायची, कुणीतरी ती घेऊन बागेत गेलेलं असायचं. ती परत यायची तेव्हा चाकांना काळी माती लिंपलेली आणि कॅरिअरवर केळीची पानं, कुणाच्या तरी पंगतीसाठी कापलेली. राग यायचा. पण त्या सायकलीवर आमचं घर फार खूश होतं, हेही खरं आहे, आणि ते खूश असलेलं मला आवडायचं.

चढावर काही अडचण नव्हती. चढावर माणूस पुढे झुकतो, आणि मापाबाहेरची सायकलसुद्धा पायांच्या जोरावर वर जाते. अडचण उताराची होती. उतारावर सीटच्या मागे सरकायचं असतं, कोपरं वाकवून, ब्रेकवर बोट ठेवून. माझे हात हँडलपर्यंत पोचायलाच ताठ व्हायचे. मागे सरकायला काही उरायचंच नाही. पुढचं चाक दगडावर आपटलं की सगळा दणका खांद्यात. आणि तोल गेला, पाय टेकवायला गेलं, की खाली जमीन यायच्या आधी दांडा यायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी बाभळीखाली किती वेळ बसून होते. कुठे लागलं आहे ते घरात कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं. आईलासुद्धा नाही. सरांना तर नाहीच. मुलगा असता तर त्याने गल्लीत विव्हळून घेतलं असतं, चार जण हसले असते आणि संध्याकाळपर्यंत सायकल बदलली असती. मी न्हाणीत गरम पाणी घेतलं आणि गप्प राहिले. त्यानंतर उतार दिसला की माझे हात आपोआप ब्रेक दाबायला लागले.

निवडीच्या दिवशी घर पुन्हा टेम्पोत बसून आलं. डब्यात वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, आणि सगळ्यांना पुरतील इतक्या हिरव्या मिरच्या. सोनगीरच्या किल्ल्यामागे मुरमाड टेकडी आहे. एका अंगाने चढायचं, माथ्यावरून थोडं सपाटीने जायचं आणि दुसऱ्या अंगाने खाली. उतरायच्या वाटेवर मध्येच खडकाची एक पायरी होती, तिच्याखाली सुटा मुरूम. आमच्या घरच्यांनी नेमकी पायथ्याची जागा धरली होती, तिथून ती पायरी समोर दिसायची.

पहिल्या फेरीत माथ्यावर सगळ्यांत आधी मी पोचले. मागे वळून पाहिलं तर बाकीच्या मुली चढावर मुंग्यांसारख्या. खालून नानांचा आवाज आला. मग उतार सुरू झाला, आणि ती पायरी आली, आणि मी सायकलवरून उतरले. हाताने धरून खाली आणली. तेवढ्यात दोघी माझ्या बाजूने सूं करून गेल्या. दुसऱ्या फेरीत पुन्हा माथ्यावर मी पुढे, पुन्हा पायरीशी खाली. तिसऱ्या फेरीत मी ठरवलं होतं की उतरायचं नाही. पायरीशी आले, दांडा आठवला, आणि पाय आपोआप जमिनीवर आले.

संघात माझं नाव नव्हतं. सरांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, पाय आहेत तुझे, पण उतारावर घाबरतेस. ते चुकीचं बोलले नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं.

नानांनी माझ्या ताटात भरीत जास्त वाढलं. जीव सांभाळला हे बरं केलं, असं म्हणाले. परत निघताना काकूंनी सोनगीरच्या तांबटाकडून घरासाठी तांब्याचा हंडा घेतला, अर्थात दुकानातला सगळ्यांत मोठा. मी टेम्पोत सायकल आणि हंडा यांच्यामध्ये बसून आले.

तिथून मी घरात भित्री झाले. कुणी टोचून बोलायचं नाही, लाडानेच म्हणायचे. पाल दिसली, वीज कडाडली, की ‘आपली भित्री कुठी गेली?’ पाहुण्यांना नाना तो किस्सा रंगवून सांगायचे: डोंगर चढायला वाघीण, उतरायला शेळी. लोक हसायचे, मीही हसायचे. सायकल हळूहळू पूर्ण घराची झाली. मी स्कूटर शिकायचं टाळलं. औषधनिर्माणशास्त्राची पदविका झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीतून मुलाखतीला बोलावणं आलं होतं, तेव्हा वडील म्हणाले बघ बाई, तुला जमेल का एवढ्या लांब. मी एक रात्रसुद्धा विचार केला नाही. जमणार नाही हे मला आधीच माहीत होतं. मी भित्री होते ना. धुळ्याच्या एका दवाखान्यातल्या औषधांच्या दुकानात लागले. घरापासून फार लांब नाही, फार जवळ नाही.

मला कुणी अडवलं असतं तर मी भांडले असते. माझा स्वभाव तसा गरीब नाही. पण मला कुणी अडवलंच नाही. मी स्वतःच प्रत्येक पायरीशी खाली उतरत राहिले.

दवाखान्यातल्या काही नर्स आणि एक डॉक्टरीणबाई रविवारी सकाळी सायकली घेऊन बाहेर पडतात. लळिंगकडे, कधी सोनगीरकडे. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मलाही चल म्हटलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून गेले, का ते मला सांगता येणार नाही. सायकल घ्यायची ठरली आणि मग माझ्या लक्षात आलं की सरांचं सगळं मला अजून तोंडपाठ आहे.

पैसे बेताचेच होते, पण या वेळी ते माझे होते. मी महिनाभर शोध घेत होते. गिऱ्हाईक नसलं की फोनवर सायकलींची माहिती वाचायची. पुढचं शॉकअप हवेवर चालणारं असेल तर हलकं आणि उत्तम, पण ते माझ्या आवाक्याबाहेर. मग स्प्रिंगचं चालेल, फक्त चढावर घट्ट करून टाकायची सोय हवी. ब्रेक मात्र तारेचे नकोत, तेलाचे हवेत, एका बोटाने दाबले जाणारे. त्यासाठी गिअर थोडे हलक्या प्रतीचे चालतील. आमच्याकडे वाटेवर बाभळीचे काटे, म्हणून पुढे कधीतरी ट्यूब काढून टाकता येईल अशी चाकं असली तर बरं. वापरलेली घ्यावी असंही मनात आलं, एक पाहूनही आले. शॉकअपच्या दांड्यावर ओरखडे होते आणि विकणारा जास्त गोड बोलत होता.

शेवटी धुळ्यातल्या एका दुकानात गेले. दुकानदार भयंकर बोलका, मी सायकल बघायच्या आधी त्याने मला हेल्मेट, पाण्याची बाटली आणि मोबाइल अडकवायचा चिमटा विकायला काढला होता. मला हवी होती तशी सायकल त्याच्याकडे होती, लहान आणि मध्यम अशा दोन मापांत. भाव तोच. आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर मध्यमच द्या, घरी नेली तर बाकीच्यांनाही चालवता येईल. मी खोलीवर एकटी राहते. घर तिथून तीन तासांवर आहे. तरी ते निघालं.

त्याने बाटली खाली ठेवली.

“ताई, सायकल तुमले लेवानी शे का घरले?”

सायकल मला घ्यायची आहे की घराला, हे त्याने सहज विचारलं. त्याला दोन्ही सायकली विकायच्याच होत्या. मी लहान सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहिले. टाचा टेकल्या, दांडा लागला नाही, कोपर वाकलं. एवढ्या वर्षांपूर्वीचं जळगावचं दुकान डोळ्यांपुढे आलं, खुर्च्या, आईची नवी साडी, भिंतीला टेकलेली निळी. मी रोज काउंटरवर आयांना सांगते, की मोठ्या माणसाचं औषध अर्धं करून लेकराला देऊ नका, लेकराचं वेगळं असतं. रोज सांगते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या भल्या माणसाला वाटलं किंमत ऐकून आलं. त्याने बाटली फुकट दिली.

नाना गेल्या महिन्यात डोळा दाखवायला धुळ्याला आले. मोतीबिंदू काढल्यानंतरची तपासणी होती. चुलतभाऊ गाडीने घेऊन आला होता. आता ते खूप वाकले आहेत. लाल सायकल अजून आहे, आणि बागेत ते तिच्यावरच जातात, सीट पार खाली करून, जशी माझ्यासाठी केली होती तशी. चहा घेताना कौतुकाने सांगत होते, की एवढ्या वर्षांत फ्रेमला काही झालं नाही, घेतली ती चांगली घेतली. मग म्हणाले, तुझी नवी सायकल दाखव, आणि चालवून दाखव. कुठे चालवू म्हटलं तर म्हणाले, सोनगीरला. त्यांनी स्वतः सोनगीरचं नाव काढलं.

गेलो. ते दोघं गाडीने, मी सायकलने, महामार्गाच्या कडेकडेने. सकाळची वेळ होती, थंडी सरत आली होती. नाना पायथ्याशी त्याच जागी बसले, काळा चष्मा लावून. मी टेकडी चढले. दम लागला, आता वय ते नाही. माथ्यावर थांबले. सीट खाली केली. त्या वाटेकडे पाहिलं, ब्रेक दोनदा दाबून पाहिले.

मग निघाले. पायरी आली. मी मागे सरकले, कोपरं वाकली, एक बोट ब्रेकवर होतं. पुढचं चाक खाली गेलं, मग मागचं, मुरूम थोडा घसरला, आणि मी खाली होते.

एवढंच. मी इतकी वर्षं ज्याला कडा समजत होते तो गुडघाभर खडक होता. त्याच्यावर आता एक बकरी उभी होती, आणि ती माझ्याकडे बघत रवंथ करत होती. मला आधी राग आला. कुणाचा ते कळेना, मग नुसतंच फार वाईट वाटलं.

नाना टाळ्या वाजवत होते. मी जवळ गेले तर त्यांनी माझा दंड धरला.

“मंग तव्हा काऊन उतरली व्हती, माय?”

त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. हे उत्तर माझ्याकडे तयार होतं, दुकानापासून न्हाणीपर्यंत सगळं, शब्दाला शब्द लागून. पण ते लाल सायकलवर अजून बागेत जात होते, आणि माझ्यासाठी भावकीशी भांडून त्यांनी ती घेतली होती.

“भ्याली व्हती, नाना,” मी म्हटलं.

ते समाधानाने हसले. मी बी तेच सांगतो सगळ्याईले, असं म्हणाले. मग त्यांना नव्या सायकलवर बसून पाहायचं होतं. चुलतभावाने आधार दिला, ते बसले, आणि वाकलेले असूनही त्यांचे गुडघे हँडलला लागले. ते खाली उतरले, सीटवर हात फिरवला, आणि म्हणाले की छान आहे, पण ही एकट्या माणसाची सायकल आहे. त्यात दोष देण्यासारखं काही नव्हतं. मी एकटी राहते याची त्यांना काळजी वाटली होती.

ऊन वाढायला लागलं म्हणून ते दोघं गाडीत बसले. नानांना सोनगीरहून घरासाठी काहीतरी घ्यायचं होतं. त्यांची गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर मी पुन्हा टेकडी चढले. का चढले ते मला माहीत होतं. माथ्यावरून निघाले आणि पायरीशी येताना मुद्दाम वेग कमी केला, नीट बघत, भीती येते का याची वाट बघत. दुसऱ्यांदाही भीती वाटली नाही. थोडी जरी वाटली असती, तरी मधल्या वर्षांना काही कारण राहिलं असतं.